पाच ते सव्वापाच

"शिक्का?" विद्यापीठाच्या ऑफिसच्या खिडकीतून तोगाशीबाईंनी विचारलं.

मी कोटाचा उजवा खिसा चाचपला, मग डावा, मग आतला, मग पुन्हा उजवा. माझ्या नावाचा शिक्का दुसऱ्या कोटात होता. दुसरा कोट वसतिगृहात, दाराच्या मागच्या खुंटीला होता.

"सही करतो की," मी म्हणालो. "आमच्या जिल्ह्यात माझ्या सहीवर माणसं तुरुंगात जातात."

"जात असतील," तोगाशीबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "इथे मात्र शिक्का लागतो. अर्जावर चौकोन आहे ना, त्यात." त्यांनी मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चार अडतीस. जाऊन या. घाई करा, पण पडू नका, बर्फ आहे. मी इथेच आहे, पाचपर्यंत."

माझ्यामागे रांगेत ओयुंगेरेल उभी होती. ती मंगोलियाची सरकारी वकील. बाई अशी की पुरावा नसतानाही आरोपीनं कबूल व्हावं. "पळ रे जजसाहेब!" ती ओरडली. "आयुष्यात एकदा तरी दुसऱ्याच्या तारखेला वेळेवर ये!"

मी लाओसचा. नाव बुनलोम, वय शेहेचाळीस, हुद्दा जिल्हा न्यायाधीश. ज्या देशांत कायदे अजून नव्यानं लिहिले जातायत, तिथल्या न्यायाधीशांना, वकिलांना, मंत्रालयातल्या लोकांना दोन वर्षं जपानात आणून एलएलएम करवायचं, आणि मग आपापल्या देशात कायद्याचं राज्य आणायला परत धाडायचं, असा तो अभ्यासक्रम होता. आमच्या वर्गात नऊ जण होते. त्या दिवशी प्रबंध देण्याची शेवटची तारीख होती. वेळ संध्याकाळी पाच. माझा प्रबंध एकशे बारा पानांचा, आणि विषय 'अपिलाच्या मुदती आणि त्यांचं काटेकोर पालन'. हसायचं असेल तर हसून घ्या. ओयुंगेरेल अजून हसते.

हा प्रबंध त्या दिवशी खिडकीतून आत गेला नाही तर पदवी नव्हती. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती आणि ती वाढत नसे. निघताना सगळ्या गावानं शुभ म्हणून माझ्या मनगटांवर पांढरे दोरे बांधले होते, ते कोपरापर्यंत गेले होते. परतल्यावर न्यायाधीशांच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायची जागा ठरलेली होती, पण ती पदवी असेल तरच. हात हलवत परत गेलो असतो तर लोकांनी तोंडावर काही म्हटलं नसतं. आमच्याकडे लोक तोंडावर काही म्हणत नाहीत, तेच वाईट.

वसतिगृह चालत पंधरा मिनिटं. मी पळालो. शाळेतून सुटलेल्या मुलींच्या घोळक्यासमोर पहिल्यांदा पडलो, आणि परत येताना, शिक्का मुठीत घट्ट धरून, तंतोतंत त्याच जागी दुसऱ्यांदा पडलो. त्याच मुली अजून तिथेच होत्या. दुसऱ्यांदा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

जिना चढत असतानाच वरून शटर ओढल्याचा आवाज आला. पोचलो तेव्हा खिडकी बंद होती आणि घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

मी शटरवर टकटक केली. बाजूचं दार उघडून तोगाशीबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावरचा बर्फ पाहिला, धाप पाहिली, मुठीतला शिक्का पाहिला, आणि कमरेतून काटकोनात वाकल्या. त्या अशा वाकल्या की माणसानं समजावं, आता काही खरं नाही.

"फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पाच वाजून दोन मिनिटं झाली."

"अहो, मी न्यायाधीश आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग तुम्हाला मी काय सांगावं?" त्या म्हणाल्या.

तोगाशीबाईंबद्दल आता चार शब्द सांगायलाच हवेत, नाहीतर तुम्ही त्यांना खडूस समजाल. फुमिए तोगाशी त्या खिडकीवर सत्तावीस वर्षं बसल्या होत्या. लग्न केलं नव्हतं, आईला सांभाळलं, आई गेली, खिडकी राहिली. येत्या मार्चमध्ये त्या साठीच्या होऊन निवृत्त होणार होत्या. चौदा देशांतली माणसं त्यांच्या हाताखालून गेली, आणि कुणाचा व्हिसा कधी संपतो, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाची बायको बाळंत व्हायची आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. पहिल्या हिवाळ्यात मी चपला घालून बर्फात आलो तेव्हा त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मापाचे बूट खिडकीत ठेवले होते. कुणाच्या तरी भावाचे जुने. ओयुंगेरेलची अक्कलदाढ काढली तेव्हा दंतवैद्याकडे तिचा हात धरून याच बसल्या होत्या. ओयुंगेरेलनं त्यांचा हात इतका आवळला की बाईंनाच आठवडाभर लिहिता येईना.

पण पाच म्हणजे पाच. ब्रह्मदेव खाली उतरला असता तरी पाच वाजून एक मिनिटानं त्याला त्यांनी उद्या साडेआठला यायला सांगितलं असतं, आणि वर वाकून नमस्कारही केला असता. "या बाईच्या अंगात रक्त नाही," ओयुंगेरेल म्हणायची, "शिक्क्याची लाल शाई आहे."

त्या संध्याकाळी ओयुंगेरेलनं मुनाकाता सरांना घरून बोलावून आणलं. मुनाकाता सर आमचे मार्गदर्शक. जगात कुठे कायदा लिहायचा असला की यांचं विमान निघालंच. चार देशांच्या संहितांमध्ये यांची कलमं आहेत. सर मफलर सोडत आले आणि ऑफिसात शिरले. आम्ही दोघं दाराबाहेर कान लावून उभे राहिलो. एका न्यायाधीशाला आणि एका सरकारी वकिलाला हे शोभत नाही, कबूल.

"तोगाशीबाई, अहो, दोन मिनिटं!" सर म्हणाले. "कायद्याला अक्षर असतं तसा आत्माही असतो."

"आत्मा असेल सर," तोगाशीबाई शांतपणे म्हणाल्या, "पण खिडकी पाचलाच बंद होते."

"माणूस दोनदा पडलाय बर्फात."

"पाहिलं मी. मलम दिलंय." मग त्याच सुरात, "सर, तुमच्या पुस्तकाची मुद्रितं मी तपासली होती. पाचव्या प्रकरणात तुम्हीच म्हटलंय, अधिकाऱ्याची मर्जी जिथे संपते तिथे कायद्याचं राज्य सुरू होतं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. लिहून ठेवलंय मी."

मग सर मफलर पुन्हा गुंडाळत बाहेर आले. आपल्याच शेंदरानं आपणच बसवलेला देव आपल्यालाच पावत नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"मी हात टेकले," ते मला म्हणाले. "बाईंनी माझ्याच पुस्तकानं मला मारलं."

"मी बोलते," ओयुंगेरेल बाह्या सरसावत म्हणाली.

"नको गं," मी म्हणालो. "खरं सांगू का? बाईंचं चुकलेलं नाही. माझ्या कोर्टात मी असाच वागलो असतो तर किती बरं झालं असतं."

हे बोलताना मी फार उदात्त दिसलो असणार. खोलीवर आल्यावर मात्र दार लावून रडलो. सामान बांधायला घेतलं, पण बॅगेत पहिल्यांदा प्रबंध भरावा की शेवटी, हेच ठरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-वीसला दार वाजलं. मी बनियनवर होतो आणि शेगडीवर चिकट भात वाफवत होतो. दारात तोगाशीबाई उभ्या. काळा कोट, काळी चप्पट टोपी, हातात जांभळ्या कापडात बांधलेला मिठाईचा डबा. या देशात असा डबा घेऊन कुणी सकाळी सकाळी दारात आलं तर दोनच शक्यता असतात.

"कोण गेलं?" मी घाबरून विचारलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "माफी मागायला आलेय."

आत येऊन त्या माझ्या चटईवर गुडघे टेकून बसल्या, डबा माझ्यापुढे सरकवला आणि कपाळ जमिनीला लावलं. मी बनियनवर, हातात पळी. एवढा लाजिरवाणा प्रसंग मी बेंचवरही कधी पाहिला नाही. काय करावं सुचेना म्हणून मीही गुडघे टेकले आणि कपाळ लावलं. आम्ही दोघं एकमेकांसमोर पालथे, आणि भाताखालचं पाणी उतू चाललेलं.

"आधी तुम्ही उठा," मी म्हणालो.

"मी कशी उठू? चूक माझी आहे."

शेवटी भातामुळे दोघंही उठलो. मग त्यांनी सांगितलं.

मार्चमध्ये निवृत्त व्हायचं म्हणून बाई चार्ज देण्याची वही लिहीत होत्या. नव्या माणसासाठी प्रत्येक काम, ते कसं करायचं, आणि तिसऱ्या रकान्यात ते कुठल्या नियमानं करायचं. काल आम्ही गेल्यावर त्या 'प्रबंध स्वीकारणे' या पानावर आल्या. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, अंतिम दिवशी पाचपर्यंत. तिसऱ्या रकान्यासाठी नियमावली काढली. सत्तावीस वर्षांत कधी काढायची वेळच आली नव्हती, कारण त्यांना पाच माहीत होतं. नियमात लिहिलं होतं, अंतिम दिवशी, कार्यालयीन वेळेत.

"कार्यालयीन वेळ," त्या म्हणाल्या, "सव्वापाचपर्यंत आहे."

"मग पाच कुठून आलं?"

"कुसाकाबेबाईंकडून. माझ्या आधी त्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, पोरी, शटर पाचला ओढायचं. उरलेली पंधरा मिनिटं प्रबंध मोजायला." बाईंनी मांडीवरचे हात घट्ट धरले. "मी विचारलंच नाही. मला वाटलं, इतक्या ठामपणे सांगतायत म्हणजे नियमच असणार."

मला आधी काही उमजेना, आणि मग एकदम उमजलं. पाच वाजून दोन मिनिटं म्हणजे मी वेळेत होतो! तेरा मिनिटं हातात ठेवून होतो! जीव भांड्यात पडला म्हणतात तो कसा पडतो ते मला त्या सकाळी कळलं. मी उडी मारली. बनियनवरच दोन्ही हात वर करून आमच्याकडे सणाला नाचतात तसा गोल फिरलो. डबा उघडून एक मिठाई अख्खी तोंडात टाकली.

मग पाहिलं तर बाई हसत नव्हत्या.

"तुमचं काम होईल," त्या म्हणाल्या. "आज डीनसाहेबांना लेखी देते. पण बुनलोमसाहेब, एक माणूस होता. अकरा वर्षांपूर्वी."

तो कंबोडियाचा होता. योस सारेत. त्यांच्या न्याय खात्यातला साधा कारकून, आमच्यासारखा साहेब नव्हे. छापखान्यातलं यंत्र अडकलं म्हणून पाच वाजून सहा मिनिटांनी आला. बाहेर पाऊस होता. स्वतः चिंब भिजलेला, पण प्रबंध शर्टाच्या आत कोरडा. बाईंनी बाजूच्या दारानं बाहेर येऊन वाकून सांगितलं, फार वाईट वाटतं. तो पदवी न घेता परत गेला.

"भांडला का?"

"नाही ना," तोगाशीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "त्यानं माझे आभार मानले. म्हणाला, चूक माझी आहे, तुम्ही नियमानं वागलात. भांडला असता तर मी कदाचित नियमावली काढून बघितली असती."

मी डब्याचं झाकण लावलं.

पुढचा महिना गमतीचा गेला, म्हणजे आम्हाला. मुनाकाता सरांनी तोडगा काढला. प्रबंधावर चार एकोणसाठची वेळ घालायची, म्हणजे जुनं काही उकरायला नको. तोगाशीबाईंनी साफ नकार दिला. "वेळ पाच वाजून दोन मिनिटं होती. तीच लिहीन. आणि का घेतला, तेही लिहीन." त्यांनी दिलगिरीपत्र लिहिलं, चार पानी. ते टेबलाटेबलावरून फिरलं. अकरा जणांनी त्यावर शिक्के मारले आणि त्यातल्या नऊ जणांनी वाचलं नाही. माझा प्रबंध दाखल झाला. तोंडी परीक्षेत सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मुदत म्हणजे काय?" आणि सगळे परीक्षक इतके हसले की दुसरा प्रश्न राहूनच गेला.

सारेतचं मात्र काही होईना. डीनसाहेब म्हणाले, वाईट झालं खरं, पण अकरा वर्षांनी पदवी देण्याचा नियम नाही. तोगाशीबाईंनी मान डोलावली. नियम नव्हता हे त्यांनी स्वतः आधीच शोधून पाहिलं होतं.

"पत्र लिहा ना त्याला," ओयुंगेरेल म्हणाली. "माफी मागून मोकळ्या व्हा."

"माफी टपालानं पाठवायची नसते," तोगाशीबाई म्हणाल्या. "मी फक्त विचारलंय, पत्ता हाच आहे का, आणि तब्येत कशी आहे."

मार्चच्या एकोणतीस तारखेला मी निघायच्या तयारीत होतो. खोली रिकामी झाली होती. भांडी, गादी, शेगडी सगळं पुढच्या वर्षीच्या मुलांना वाटून टाकलं होतं. पदवी बॅगेत तळाशी, कपड्यांच्या घडीत. तोगाशीबाई आल्या. दोन दिवसांनी त्यांचीही खिडकी सुटणार होती. हातात एक कोरा करकरीत पासपोर्ट होता. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे व्हिसे सांभाळणाऱ्या या बाईचा तो आयुष्यातला पहिला पासपोर्ट.

"उत्तर आलं," त्या म्हणाल्या, आणि पत्र माझ्या हातात दिलं. जपानीत, शाळकरी वळणाच्या गोल अक्षरात लिहिलेलं.

'आदरणीय तोगाशीबाई,' सारेतनं लिहिलं होतं. 'तुम्ही मला विसरला नाहीत, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. पदवीचं वाईट वाटून घेऊ नका. मी आता आमच्या तालुक्याच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर असतो. कचेरी साडेपाचपर्यंत उघडी असते, पण मी पाचला शटर ओढतो. पाच म्हणजे पाच. मग बाहेर जाऊन वाकून सांगतो, तुम्ही सांगायचात तसं. सुरुवातीला लोक शिव्या द्यायचे. आता चांगली शिस्त लागली आहे. लांबच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा हल्ली पळत येतात. हे सगळं मी तुमच्याकडून शिकलो. शेजारच्या दोन खिडक्यांनाही शिकवलं आहे.'

माझं वाचून झालं तरी मी वर पाहिलं नाही. जगात इतक्या विमानांतून इतका कायदा पाठवला जातो, आणि मुक्कामी पोचलं ते हे, कुसाकाबेबाईंचं शटर. एरवी मी या गोष्टीवर पोट धरून हसलो असतो.

"पळत येतात म्हणे," तोगाशीबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या."

"तुम्ही जाणार?"

"बारा तारखेला. पण हा अर्ज जरा बघाल का? तुमच्याच बाजूचा देश आहे. एक रकाना राहिलाय."

कंबोडियाच्या व्हिसाचा अर्ज होता. बाकी सगळा भरलेला, अक्षर असं की छापील वाटावं. प्रवासाचं कारण तेवढं कोरं होतं. पुढे चौकोन होते. पर्यटन, व्यापार, नातेवाइकांची भेट, इतर.

"पर्यटन लिहा," मी म्हणालो. "सगळे तेच लिहितात. कोणी बघत नाही."

"मी काही बघायला जात नाहीये."

त्यांनी चटईवर अर्ज सरळ ठेवला, 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या ओळीवर पेन टेकवलं. मग एकेक अक्षर सुटं, नीट काढत लिहिलं, 'कार्यालयीन वेळेची दुरुस्ती.' शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"चहा घेणार?" मी विचारलं.

"चालेल."

खोलीत विजेची किटली आणि एकच पेला उरला होता. तो मी त्यांना भरून दिला, आणि त्यांचा चहा होईपर्यंत उभा राहिलो.